ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर नीट जोखायचे कसे: घरच्या घरी चाचणीची पूर्ण पद्धत

गेल्या उन्हाळ्यात नागपूरचा माझा भाचा नवीन ग्राफिक्स कार्ड घ्यायला निघाला होता. अ‍ॅनिमेशनचा कोर्स, रात्री थोडं गेमिंग, आणि पीसी अडकत अडकत चालतो ही तक्रार. तीस हजारांच्या आसपासचं कार्ड त्याने निवडूनही ठेवलं होतं. मी त्याला एवढंच विचारलं, की हे कार्डामुळेच अडकतंय कशावरून? त्याला सांगता येईना. एका संध्याकाळी दोघांनी बसून मोजलं, तेव्हा कळलं की १६ जीबी रॅमची एकच स्टिक एका स्लॉटमध्ये बसवलेली होती आणि तीही तिच्यावर छापलेल्या वेगापेक्षा बऱ्याच कमी वेगाने चालत होती. तशीच दुसरी स्टिक घातली, बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक सेटिंग बदललं. कार्डाचे पैसे वाचले.

त्या संध्याकाळी आम्ही जे केलं, ते इथे सविस्तर लिहितो आहे. महागडी यंत्रं लागत नाहीत. दोन-तीन मोफत सॉफ्टवेअर, एक वही, खोलीतला तापमापक आणि सुट्टीचा एक दिवस पुरतो. धीर मात्र लागतो, कारण चाचणीतला बहुतेक वेळ दोन्ही बाजू सारख्या करण्यातच जातो.

१. आधी प्रश्न एका वाक्यात लिहा

वहीच्या पहिल्या पानावर लिहा: मला नेमकं काय जाणून घ्यायचं आहे? ‘कोणतं कार्ड चांगलं’ हा मोजता येणारा प्रश्न नाही. ‘माझ्या एएमडीच्या रायझेन ५ ५६०० प्रोसेसरबरोबर, १४४० पिक्सेलच्या मॉनिटरवर, मी खेळतो त्या चार गेम्समध्ये अ कार्ड ब कार्डापेक्षा किती पुढे आहे’ हा प्रश्न मोजता येतो. ‘ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधला माझा सीन कोणत्या प्रोसेसरवर लवकर रेंडर होतो, म्हणजे त्याचं अंतिम चित्र लवकर तयार होतं’ हाही.

प्रश्न लिहिला की दुसरं ठरवावं लागतं: तुम्ही सुटा भाग मोजताय की अख्खा पीसी? भाग मोजायचा तर बाकी सगळं तेच ठेवून तो एकच भाग बदलायचा. मित्राचा पीसी आणि तुमचा पीसी शेजारी ठेवून ‘त्याचं कार्ड भारी’ म्हणणं ही अख्ख्या पीसीची तुलना झाली. त्यात रॅम, कॅबिनेटमधली हवा, विंडोजची आवृत्ती असं सगळंच मिसळलेलं असतं.

२. वेग कुठे अडतोय ते शोधा

घाई करणाऱ्यांची चूक बहुतेक वेळा इथेच होते, म्हणून इथे जरा थांबतो.

गेममधली प्रत्येक फ्रेम (पडद्यावर येणारं एक चित्र) दोन हातांतून जाते. प्रोसेसर जगाचा हिशेब करतो: कोण कुठे उभं आहे, गोळी कुठे लागली, काय काय काढायचं आहे. मग ग्राफिक्स कार्ड ते चित्र रंगवतं. दोघांत जो हळू, त्याच्या वेगाने फ्रेम बाहेर पडते. रेझोल्यूशन (चित्रातल्या पिक्सेलची संख्या) वाढवलं की कार्डाचं काम भरपूर वाढतं, प्रोसेसरचं जवळजवळ तेवढंच राहतं. या एका गोष्टीचा आपल्याला उपयोग करून घ्यायचा आहे.

गेममधली तीच जागा, तीच सेटिंग्ज ठेवा आणि फक्त रेझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. समजा आधी ८८ एफपीएस (सेकंदाला फ्रेम) होते. आता १४० झाले, तर मघाशी कार्ड अडवत होतं. ९१ झाले, म्हणजे जवळपास तेवढेच राहिले, तर अडथळा प्रोसेसरच्या किंवा रॅमच्या बाजूला आहे. अशा वेळी नवीन कार्ड घालून फरक पडणार नाही. भाच्याच्या पीसीत हेच दिसलं होतं.

टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ४० टक्केच दिसतो म्हणून तो निर्दोष ठरत नाही. १२ थ्रेडच्या (एकाच वेळी १२ कामं पेलणाऱ्या) प्रोसेसरमध्ये गेमचा मुख्य थ्रेड पूर्ण भरला, तरी एकूण वापरात त्याचा वाटा आठ टक्क्यांच्या आसपासच दिसतो. त्यापेक्षा कार्डाचा वापर पाहा. तो सतत ९७ ते ९९ टक्के असेल तर अडथळा कार्डाचा. प्रेझेंटमॉन या इंटेलच्या मोफत, फ्रेम मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये २०२३ पासून ‘जीपीयू बिझी’ असा आकडाही मिळतो (जीपीयू म्हणजे ग्राफिक्स कार्डाची चिप). एका फ्रेमला लागलेल्या वेळापैकी कार्ड किती वेळ कामात होतं ते त्यावरून कळतं. फ्रेमला १२ मिलिसेकंद लागले आणि कार्ड ७ च मिलिसेकंद कामात असेल, तर उरलेले ५ ते वाट बघत बसलं होतं.

यावरूनच चाचणीचे दोन नियम निघतात. दोन कार्डांची तुलना करताना प्रोसेसर हाताशी असलेला सर्वांत वेगवान घ्या आणि रेझोल्यूशन चढं ठेवा. दोन प्रोसेसरची तुलना करताना कार्ड सर्वांत ताकदीचं घ्या आणि रेझोल्यूशन उतरतं ठेवा. ‘७२० वर आता खेळतं कोण’ हा आक्षेप नेहमी येतो. पण फोर-के (२१६० पिक्सेल) वर पाच प्रोसेसर मोजले तर पाचही सारखे दिसतात, कारण तिथे तुम्ही पाच वेळा कार्डच मोजलेलं असतं. उतरत्या रेझोल्यूशनवरचा आकडा हे प्रोसेसरचं छत आहे. तीन वर्षांनी तुम्ही दुप्पट वेगाचं कार्ड घ्याल तेव्हा डोकं त्याच छताला आपटणार आहे.

हे दोन नियम भाग जोखण्यासाठी झाले. तुमचा प्रश्न ‘माझ्याच पीसीत काय होईल’ असा असेल, तर अर्थातच तुमचाच प्रोसेसर आणि तुमचाच मॉनिटर हवा.

३. बायोस आणि हार्डवेअर एका पातळीवर आणा

बायोस अद्ययावत करा, ‘डिफॉल्ट’ लोड करा आणि मग पुढच्या गोष्टी एकेक करून तपासा.

रॅम. दोन स्टिक हव्यात आणि त्या योग्य स्लॉटमध्ये हव्यात. बहुतेक चार स्लॉटच्या मदरबोर्डांवर हे प्रोसेसरपासून मोजल्यास दुसरा आणि चौथा स्लॉट असतात. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमला छापील वेगाने चालवणारं सेटिंग) चालू करा. ते बंद असेल तर ६००० ची डीडीआर५ रॅमही बऱ्याचदा ४८०० वर चालते आणि मालकाला वर्षभर पत्ता लागत नाही. प्रोसेसरच्या तुलनेत मात्र एक खरा पेच येतो: दोघांना एकाच वेगाची रॅम द्यायची, की प्रत्येकाला कंपनीने अधिकृत ठरवलेल्या वेगाची? रायझेन ७००० साठी हा अधिकृत वेग डीडीआर५ ५२०० आहे, इंटेलच्या १३व्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरसाठी ५६००. दोन्ही पद्धती प्रामाणिक आहेत. मी पहिली पद्धत वापरतो, कारण विकत घेणारा एकच किट घेतो. कोणतीही वापरा, पण निकालाशेजारी लिहा.

वीजमर्यादा. यावर मी जास्त जोर देतो, कारण याच्यामुळे निकाल चक्क उलटा लागू शकतो. इंटेलच्या कोअर आय५-१२४०० ची मूळ मर्यादा ६५ वॅट आहे आणि थोड्या वेळासाठी तो ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. काही बोर्ड ही ‘थोड्या वेळा’ची अट पाळतात, काही ती परस्पर काढून टाकतात. स्वस्त बोर्डावर प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग तापून त्याला खाली ओढतात, ते वेगळंच. त्यामुळे तोच प्रोसेसर दोन बोर्डांवर दोन वेगांनी धावतो आणि आपण दोष देतो प्रोसेसरला. बायोसमधले पीएल१ (कायमची मर्यादा) आणि पीएल२ (थोड्या वेळाची मर्यादा) यांचे आकडे वहीत उतरवा आणि कंपनीने ठरवलेल्या आकड्यांवर ठेवा. एएमडीच्या बाजूला हाच आकडा पीपीटी नावाने असतो. एएम५ सॉकेटच्या, ६५ वॅट टीडीपी (खोक्यावर छापलेला वॅटचा आकडा) असलेल्या प्रोसेसरसाठी तो ८८ वॅट, १०५ च्या प्रोसेसरसाठी १४२ आणि १७० च्या प्रोसेसरसाठी २३०. खोक्यावरचा टीडीपी आणि प्रत्यक्ष ओढली जाणारी वीज या वेगळ्या गोष्टी आहेत हे यावरून दिसतंच.

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे वरचे प्रोसेसर असतील तर बायोस नवा असणं सक्तीचंच समजा. जास्त व्होल्टेजमुळे ते अस्थिर होत होते आणि त्यावरचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या आज्ञांची दुरुस्ती) ऑगस्ट २०२४ पासून बायोसमधून येऊ लागला. त्याआधीच्या बायोसवरचे आकडे आज कुणाच्या उपयोगाचे नाहीत.

पीसीआय एक्स्प्रेस. ही कार्ड आणि बोर्ड यांच्यातली वाट; तिच्यातल्या पट्ट्या म्हणजे लेन. सगळी कार्डं सोळा लेन वापरत नाहीत. आरटीएक्स ४०६० आठ वापरतं, आरएक्स ६५०० एक्सटी चारच. बी४५० सारख्या जुन्या बोर्डावर पीसीआय एक्स्प्रेस ३.० असतं आणि तिथे या चार लेनच्या कार्डाचा वेग चांगलाच पडतो, विशेषतः त्याची ४ जीबी मेमरी भरली की. नव्या बोर्डावर मोजलेला त्याचा आकडा जुन्या बोर्डाच्या मालकाला फसवतो. रीसाइझेबल बार (कार्डाची पूर्ण मेमरी प्रोसेसरला एकदम खुली करणारं सेटिंग) दोन्ही वेळा चालू आहे ना तेही पाहा. इंटेलच्या आर्क कार्डांना तो नसेल तर मोठा फटका बसतो.

कूलर आणि पंखे. प्रोसेसरची तुलना असेल तर दोघांना एकच कूलर द्या. ऑक्टोबर २०१८ मधली एक चाचणी इथे आठवते. इंटेलने प्रिन्सिपल्ड टेक्नॉलॉजीज या संस्थेकडून कोअर आय९-९९००के आणि रायझेन ७ २७००एक्स यांची गेम्समधली तुलना करून घेतली. त्यात रायझेनवर ‘गेम मोड’ चालू होता. नाव ऐकून तो गेमसाठीच असेल असं वाटतं, पण त्या प्रोसेसरवर तो आठपैकी चार कोअर बंद करत होता. शिवाय इंटेलला वेगळा घेतलेला मोठा कूलर आणि रायझेनला खोक्यातला. हार्डवेअर तपासणाऱ्यांनी हे उघडकीला आणल्यावर चाचणी पुन्हा झाली आणि अंतर कमी झालं. आय९ तेव्हाही पुढेच होता. म्हणजे सरळ मोजून जिंकणाऱ्या बाजूचाही पहिला निकाल दोन सेटिंग्जनी संशयात टाकला. सेटिंगचं नाव वाचून विश्वास ठेवू नका. ते प्रत्यक्षात काय करतं ते उघडून बघा.

४. विंडोज, ड्रायव्हर आणि मागे चालणारी कामं

कंपनी बदलून कार्ड बदलत असाल तर जुना ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) डीडीयू या साधनाने सेफ मोडमध्ये पूर्ण काढून टाका. ड्रायव्हरची आवृत्ती लिहा. विंडोज अपडेट पूर्ण करून मग थांबवा. स्टीम, वनड्राइव्ह, ब्राउझर, कार्डबरोबर आलेली दिव्यांची सॉफ्टवेअर बंद करा. पीसी चालू केल्यावर दहा मिनिटं तसाच राहू द्या, कारण सुरुवातीला विंडोज स्वतःचीच कामं उरकत असतं.

विंडोजच्या ‘कोअर आयसोलेशन’मधलं ‘मेमरी इंटिग्रिटी’ काही गेम्समध्ये वेग थोडा कमी करतं. मी ते बंद करायला सांगणार नाही, कारण ते सुरक्षिततेसाठी आहे. दोन्ही वेळा एकाच स्थितीत ठेवा म्हणजे झालं. व्ही-सिंक, फ्रेमची मर्यादा आणि जी-सिंक किंवा फ्रीसिंक ही फ्रेम रोखणारी किंवा मॉनिटरच्या गतीशी जुळवणारी सेटिंग्ज मात्र चाचणीपुरती बंद हवीत. नाहीतर १४४ हर्ट्झचा मॉनिटरच तुमचा निकाल ठरवेल.

विंडोजची आवृत्ती किती फरक पाडते याचं उदाहरण रायझेन ९००० च्या वेळी दिसलं. ऑगस्ट २०२४ मध्ये हे प्रोसेसर आले तेव्हा कंपनीचे आकडे आणि स्वतंत्र समीक्षकांचे आकडे जुळेनात. कंपनीने नंतर सांगितलं की त्यांच्या चाचण्या विंडोजच्या विशेष अ‍ॅडमिन खात्यावर झाल्या होत्या आणि नेहमीच्या खात्याला तसाच फायदा देणारी सुधारणा विंडोज ११ च्या २४एच२ मध्ये येते आहे. ती नंतर २३एच२ लाही अपडेटमधून मिळाली, आणि जुन्या रायझेननाही तिचा फायदा झाला. तेव्हा एका प्रोसेसरचा जुन्या विंडोजवरचा आकडा दुसऱ्याच्या नव्या विंडोजवरच्या आकड्याशेजारी ठेवू नका.

५. खोलीचं तापमान लिहून ठेवा

परदेशी समीक्षक २० ते २२ अंशांच्या खोलीत मोजतात. विदर्भात मे महिन्यात दुपारी कूलर लावूनही खोली ३४ अंशांवर असते. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही तापमान पाहून आपला वेग ठरवतात; एनव्हिडियाची कार्डं तापत गेली की क्लॉक (कामाचा वेग) साधारण १५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी उतरवत जातात. सकाळी एक कार्ड मोजलं आणि दुपारी दुसरं, तर तुम्ही थोडंफार ऊनच मोजलंत.

तापमापक कॅबिनेटच्या समोर, हवा आत घेणाऱ्या पंख्याजवळ ठेवा आणि प्रत्येक वेळी नोंद करा. एसी असेल तर २६ किंवा २७ वर ठेवून तासभर आधी चालू करा. नसेल तर चाचणी रात्री दहानंतर घ्या, तेव्हा तापमान बरंच स्थिर असतं. कार्ड किती तापतं याची तुलना करताना थेट अंश न लिहिता खोलीपेक्षा किती अंश जास्त तेवढं लिहा. ३४ अंशांच्या खोलीत ७८ आणि २४ अंशांच्या खोलीत ६८ ही जवळपास सारखीच कामगिरी आहे. वापरलेलं कार्ड नव्याशी तोलणार असाल तर आधी त्याची धूळ काढा, आणि तापमान फारच चढत असेल तर थर्मल पेस्ट बदला.

६. काय चालवायचं

आधी तुमचं स्वतःचं काम, मग तयार चाचण्या. ब्लेंडरवाल्याने स्वतःचा सीन, व्हिडिओ संपादकाने स्वतःचा प्रकल्प, गेमरने स्वतःचे गेम. तयार चाचण्यांचा उपयोग म्हणजे तुमचा आकडा जगातल्या इतरांशी ताडून आपला पीसी ठीक चाललाय का हे कळतं. प्रोसेसरसाठी सिनेबेंच आणि ७-झिपची आतली चाचणी, कार्डासाठी थ्रीडीमार्क, दोन्हीसाठी ब्लेंडरची स्वतःची बेंचमार्क. ब्लेंडरची आवृत्ती एकच ठेवा, आणि एनव्हिडियाच्या कार्डावर रेंडरच्या दोन पद्धतींपैकी कुडा निवडलंय की ऑप्टिक्स तेही लिहा. त्या दोघांत बराच फरक पडतो.

सिनेबेंचची दहा मिनिटांची चाचणी सोडून एकच फेरी मोजण्याचा मोह टाळा. वर सांगितलेला ११७ वॅटचा जोर पहिल्या फेरीतच दिसतो. तासभराच्या रेंडरमध्ये तुमच्या वाट्याला ६५ वॅटचा वेग येणार आहे.

एकाच चाचणीच्या एकाच आकड्यावर भिस्त ठेवू नये, याला जुनी कारणं आहेत. २००१ मध्ये एटीआय कंपनीच्या रेडिऑन ८५०० कार्डाचा ड्रायव्हर ‘क्वेक ३’ हे फाइलचं नाव ओळखून त्या गेमपुरता वेगळा वागत होता. कुणीतरी फाइलचं नाव बदलून ‘क्वॅक ३’ केलं आणि वेग पडला, चित्राचा दर्जा सुधारला. २००३ मध्ये एनव्हिडियाच्या ड्रायव्हरवर थ्रीडीमार्क०३ बनवणाऱ्यांनीच बोट ठेवलं: कॅमेरा ठरलेल्या वाटेनेच जाणार हे धरून ड्रायव्हर दृश्याचे काही भाग रंगवतच नव्हता. चाचणीची वाट कायम असली की पेपर आधीच फुटलेला असतो. म्हणून दोन-तीन गेम्समध्ये गेममधली तयार चाचणी न चालवता स्वतः खेळून मोजा. सेव्ह केलेली एकच जागा, एकच रस्ता, एकच दिशा, ६० सेकंद. गर्दीचा बाजार किंवा मोठी लढाई निवडा. रिकाम्या गल्लीत सगळीच कार्डं शहाणी असतात.

आता डीएलएसएस, एफएसआर आणि एक्सइएसएस, म्हणजे कमी पिक्सेलचं चित्र रंगवून ते मोठं करणारी तंत्रं. पहिली मोजणी या तिन्हींशिवाय करा. नंतर वेगळ्या तक्त्यात त्यांच्यासह करा. ‘क्वालिटी’ हे नाव सारखं असलं तरी आतलं रेझोल्यूशन सारखं असेलच असं नाही. डीएलएसएस आणि एफएसआर २ मध्ये फोर-के क्वालिटी म्हणजे आतून १४४० पिक्सेल, एक्सइएसएस १.३ मध्ये क्वालिटीचं प्रमाण बदलून १.७ पट झालं, म्हणजे ते आतून त्याहून कमी पिक्सेल रंगवतं. नाव जुळवू नका, पिक्सेल जुळवा.

फ्रेम जनरेशनचे (खऱ्या फ्रेम्सच्या मध्ये बनवलेल्या फ्रेम घालण्याच्या तंत्राचे) आकडे खऱ्या फ्रेमच्या तक्त्यात कधीही मिसळू नका. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचे जेन्सन ह्वांग यांनी मंचावरून ५४९ डॉलरच्या आरटीएक्स ५०७० मध्ये ४०९० ची कामगिरी मिळेल असं सांगितलं. त्या तुलनेत एका रंगवलेल्या फ्रेममागे तीनपर्यंत फ्रेम तयार करून मध्ये घातल्या जात होत्या. त्या फ्रेम्सनी हालचाल गुळगुळीत दिसते हे खरं, मलाही आवडते. पण माऊस हलवल्यावर गेम किती लवकर प्रतिसाद देतो हे खऱ्या फ्रेम्स ठरवतात आणि फ्रेम जनरेशनने तो उशीर थोडा वाढतोच.

७. मोजणी: तीन धावा, आणि अ-ब-अ

पहिली धाव फेकून द्या. तेव्हा शेडर (चित्र रंगवण्याचे छोटे प्रोग्राम) तयार होत असतात, गेमच्या फाइल्स एसएसडीवरून पहिल्यांदा वाचल्या जातात आणि कार्ड अजून थंड असतं. दहा मिनिटं गेम चालू ठेवून कार्डाचं तापमान स्थिर झालं की मगच नोंद सुरू करा.

त्यानंतर किमान तीन धावा. त्यातला मधला आकडा घ्या. समजा अ कार्डाला ९१.८, ९२.६ आणि ९२.१ मिळाले, निकाल ९२.१. ब कार्डाला ९३.४, ९२.० आणि ९३.० मिळाले, निकाल ९३.०. ब पुढे आहे का? नाही. ब ची सर्वांत हळू धाव अ च्या दोन धावांच्या मागे आहे. दोघांच्या धावा एकमेकींत गुंतलेल्या असताना एक टक्क्याचा फरक म्हणजे बरोबरी, आणि तसंच लिहायचं. एखादी धाव फारच वेगळी आली तर ती गुपचूप खोडू नका. मागे काय चालू झालं ते शोधा आणि तिन्ही धावा पुन्हा घ्या.

बाजारात तराजूने भाजी तोलणारी बाई आधी रिकामी पारडी उचलून दाखवायची, पासंग नाही ना ते गिऱ्हाइकाला कळावं म्हणून. अ-ब-अ पद्धत म्हणजे तेच. अ कार्ड मोजा, ब बसवा, मोजा, आणि मग कंटाळा आला तरी अ पुन्हा बसवून मोजा. अ चे दोन्ही निकाल जुळले तर मधला ब विश्वासाचा. नाही जुळले तर मधल्या वेळात काहीतरी सरकलं आहे: खोली तापली, गेमला अपडेट आलं, रॅमचं सेटिंग आपोआप मूळ जागी गेलं. एकदा माझे अ चे दोन निकाल सहा टक्क्यांनी वेगळे आले. शोधल्यावर कळलं की कार्डावरची छोटी कळ काढ-घाल करताना ‘सायलेंट’कडे सरकली होती. तिसरी पायरी केली नसती तर ते सहा टक्के मी ब च्या नावावर लिहिले असते.

८. सरासरीबरोबर फ्रेमचा वेळही पाहा

समजा एका मिनिटात ५,७०० फ्रेम १० मिलिसेकंदांच्या आणि ६० फ्रेम ५० मिलिसेकंदांच्या आल्या. एकूण ५,७६० फ्रेम, सरासरी ९६ एफपीएस. कागदावर उत्तम. खेळताना मात्र दर सेकंदाला एक धक्का, कारण ५० मिलिसेकंद म्हणजे त्या क्षणी २० एफपीएस. याच चाचणीचा ‘एक टक्का लो’, म्हणजे सर्वांत हळू एक टक्का फ्रेम्सचा वेग, २० येतो आणि तुमचा वैताग त्याच आकड्यात असतो. २०११ मध्ये ‘टेक रिपोर्ट’च्या स्कॉट वॉसन यांनी सेकंदाच्या आत काय घडतं ते मोजायला हवं हा आग्रह धरला, तेव्हापासून ही पद्धत रुळली.

मोजायला कॅपफ्रेमएक्स किंवा प्रेझेंटमॉन घ्या. लिनक्सवर मँगोहड आहे. एक सावधगिरी: ‘एक टक्का लो’ दोन प्रकारे काढतात. कुणी ९९व्या शतमानाची (जिच्यापेक्षा ९९ टक्के फ्रेम लवकर येतात ती) फ्रेम घेतं, कुणी सर्वांत वाईट एक टक्का फ्रेम्सची सरासरी. दुसरा आकडा सहसा खाली येतो. दोन वेगळ्या सॉफ्टवेअरचे ‘लो’ एका तक्त्यात घालू नका. हा आकडा सरासरीपेक्षा जास्त हेलकावतोही, म्हणून तो महत्त्वाचा असेल तर तीनऐवजी पाच धावा घ्या.

९. अनेक गेम्सचा एक आकडा काढताना

अ कार्डाला हलक्या गेममध्ये ३०० आणि जड गेममध्ये ४० एफपीएस. ब कार्डाला २४० आणि ५०. साधी सरासरी काढली तर अ ची १७०, ब ची १४५. अ सतरा टक्क्यांनी पुढे! पण नीट बघा: हलक्या गेममध्ये अ २५ टक्के पुढे आहे, जड गेममध्ये ब बरोबर २५ टक्के पुढे आहे. साध्या सरासरीत ३०० सारखा मोठा आकडा बाकीच्यांना झाकून टाकतो. गुणोत्तरी मध्य काढा, म्हणजे दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्या: ३०० गुणिले ४० म्हणजे १२,०००, आणि २४० गुणिले ५० म्हणजेही १२,०००. दोघंही १०९.५. एक्सेलमध्ये यासाठी ‘जिओमीन’ हे सूत्र तयारच आहे. प्रोसेसरच्या चाचण्यांची मानकं ठरवणारी स्पेक ही संस्थाही हाच मध्य वापरते. तरी प्रत्येक गेमचा आकडा वेगळा दाखवाच. जो फक्त जड गेम खेळतो त्याच्यासाठी ब सरळ सरळ वरचढ आहे.

रुपयांचा हिशेब यानंतर. डॉलरच्या किमतीवरून काढलेली ‘एका फ्रेमची किंमत’ आपल्याकडे लागू पडत नाही. हातात पडणाऱ्या बिलावरची, १८ टक्के जीएसटीसकट किंमत घ्या. ३०,००० चं कार्ड ८० फ्रेम देत असेल तर फ्रेममागे ३७५ रुपये, ३६,००० चं १०० देत असेल तर ३६०. पण दुसऱ्या कार्डासाठी ६,००० चा नवा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा भाग) घ्यावा लागणार असेल तर तेच ४२० होतात. हा खर्च तक्त्यात घालायला लोक हमखास विसरतात.

१०. वीज, आणि लॅपटॉपपुरतं थोडं

एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा कार्डाचा वॅटचा आकडा सगळीकडे सारखा नसतो. एनव्हिडियाच्या कार्डांवर तो पूर्ण कार्डाचा असतो, तर रेडिऑन आरएक्स ६००० मालिकेत मुख्यतः चिपपुरता. ते दोन शेजारी ठेवले तर रेडिऑन उगाच काटकसरी ठरतं. भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचा वॅटमीटर घ्या आणि अख्ख्या पीसीची वीज मोजा. एसएमपीएस तोच असल्यामुळे तुलना सरळ होते. रेंडरसाठी वॅटबरोबर वेळही धरा: ३०० वॅटने १० मिनिटं म्हणजे ५० वॅट-तास, १८० वॅटने १४ मिनिटं म्हणजे ४२. हळू मशीनने कमी युनिट जाळली. स्टुडिओत रात्रंदिवस रेंडर चालत असेल तर हा फरक महिन्याच्या बिलात दिसतो.

लॅपटॉपमध्ये कार्डाचं नाव जवळपास निरर्थक आहे. आरटीएक्स ४०६० लॅपटॉपचं कार्ड ३५ पासून ११५ वॅटपर्यंत कुठेही बसवलेलं असू शकतं आणि नाव तेच राहतं. म्हणून वॅट, पंख्यांचा मोड, मक्स स्विचची (चित्र थेट कार्डातून पडद्याला पाठवणाऱ्या सोयीची) स्थिती आणि रॅमच्या स्टिक किती, हे लिहिल्याशिवाय लॅपटॉपचा आकडा पुढे पाठवू नका. चार्जर लावूनच मोजा, खालून हवा जाईल असा उचलून ठेवा, आणि नोंद वीस मिनिटांच्या सलग वापरानंतर घ्या.

११. निकाल मांडताना

तक्त्याच्या वर प्रोसेसर, बोर्ड आणि बायोसची आवृत्ती, रॅमचा वेग आणि स्टिकची संख्या, कार्डाचं पूर्ण मॉडेल, ड्रायव्हर, विंडोजची आवृत्ती, वीजमर्यादा, खोलीचं तापमान, तारीख. आलेखात उभा अक्ष शून्यापासून सुरू करा. ९० पासून सुरू केला तर ९४ ची पट्टी ९२ च्या पट्टीच्या दुप्पट दिसते. प्रत्येक पट्टीवर तीन धावांतला सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा छोट्या रेघेने दाखवा. तुमच्याकडे प्रत्येक मॉडेलचं एकच कार्ड आहे हेही लिहा, कारण एकाच मॉडेलच्या दोन कार्डांतही थोडा फरक असतो.

फ्रेमच्या वेळेच्या कच्च्या फाइल्स जपून ठेवा, कुणी मागितल्या तर द्या. आणि सहा महिन्यांनी तिसरं कार्ड हाती आलं, तर त्याचा आकडा जुन्या तक्त्यात चिकटवू नका. तोवर ड्रायव्हर बदलले असतील, गेमला चार अपडेट आले असतील, मे जाऊन नोव्हेंबर आला असेल. जुन्यांपैकी निदान एक कार्ड पुन्हा बसवून मोजा. ते जुन्या आकड्याशी जुळलं तरच तिसऱ्याची ओळ खाली जोडा. नाही जुळलं तर नवीन पान, नवीन तारीख, आणि सगळी कार्डं पुन्हा पहिल्यापासून.